देणगी आणि दावा : महाविद्यालयीन खेळाडूला मिळणाऱ्या पैशाचा इतिहास
(कोल्हापूर-कुरुंदवाड परिसर व अमेरिकन महाविद्यालये यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

महाविद्यालयात शिकणाऱ्या गुणी खेळाडूला पैसा कोणी द्यावा, कोणत्या मार्गाने द्यावा आणि त्याच्या बदल्यात काय मागावे, हा प्रश्न वरवर क्रीडाव्यवस्थापनाचा वाटतो. प्रत्यक्षात तो सामाजिक इतिहासाचा प्रश्न आहे. अमेरिकेत गेल्या चार दशकांत दलाल आणि आर्थिक सल्लागार यांनी महाविद्यालयीन खेळाडूंना गुपचूप दिलेल्या भेटींची अनेक प्रकरणे उघडकीस आली. रोख रक्कम, विमानाची तिकिटे, मोटारी, दागिने, मेजवान्या असे या भेटींचे स्वरूप होते. या प्रकरणांची चर्चा बहुधा 'नियमभंग' या एकाच अंगाने झाली. पण खेळाडूने पैसा स्वीकारणे हाच दोष मानला, तर दक्षिण महाराष्ट्राच्या क्रीडाइतिहासातील सर्वांत उज्ज्वल घटनेचा अर्थ लावणे कठीण होते. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक जिंकणारा मल्ल हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी होता आणि त्याच्या प्रवासाचा खर्च भागविण्यासाठी एका प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते.

एकाच प्रकारची कृती, म्हणजे विद्यार्थी-खेळाडूला पैसा देणे, एका ठिकाणी आदरास आणि दुसऱ्या ठिकाणी चौकशीस पात्र का ठरते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. त्यासाठी प्रथम संस्थानी आश्रयाची परंपरा, नंतर १९४८ ते १९५२ या काळातील स्थित्यंतर आणि शेवटी पाश्चात्त्य हौशीपणाची संकल्पना व अमेरिकन महाविद्यालयांचा अनुभव या क्रमाने विवेचन केले आहे.

संस्थानी आश्रयाचे स्वरूप :

कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात कुस्ती हा केवळ खेळ नव्हता. ती गावगाड्याची एक संस्था होती. गावोगावी तालीम, तालमीत वस्ताद, जत्रेला कुस्त्यांचे मैदान आणि मैदानात फडावरच दिले जाणारे इनाम अशी तिची घडण होती. या व्यवस्थेच्या शिखरावर संस्थानिक होते. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत (१८९४-१९२२) कोल्हापूर हे देशातील कुस्तीचे प्रमुख केंद्र बनले. १९०२ च्या युरोप प्रवासात रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहून त्यांनी कोल्हापुरात तशाच घडणीचे मैदान बांधण्याचे मनावर घेतले आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान तयार झाले. उत्तरेकडील नामांकित मल्लही कोल्हापूरच्या आश्रयास येत. मल्लाचा खुराक, राहण्याची सोय आणि वस्तादाचे मानधन दरबारातून चाले.

याच खोऱ्यात, कृष्णाकाठी नरसोबाच्या वाडीलगत, पटवर्धन घराण्याचे कुरुंदवाड संस्थान होते. १८५४ मध्ये त्याच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड अशा पटवर्धनी संस्थानांची व्याप्ती कोल्हापूरच्या मानाने लहान होती. तथापि आश्रयाची रीत सर्वत्र सारखीच होती. गुणी माणूस दरबाराच्या नजरेस यावा आणि दरबाराने त्याचा योगक्षेम चालवावा, ही अपेक्षा गायक, चित्रकार आणि मल्ल या सर्वांच्याच बाबतीत समाजाने धरलेली होती.

या आश्रयाची दोन वैशिष्ट्ये लक्षात घेण्यासारखी आहेत. पहिले म्हणजे तो उघड होता. इनामाची रक्कम हजारोंच्या समुदायासमोर पुकारली जाई. कोणता मल्ल कोणाच्या खुराकावर वाढला हे सर्वांस ठाऊक असे. दुसरे म्हणजे आश्रयदात्याची अपेक्षाही उघड होती. मल्लाने दरबाराचे नाव राखावे, एवढीच ती असे. मात्र या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. मल्लाचे भवितव्य एका व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून असे. आश्रयदाता बदलला, रुष्ट झाला किंवा निवर्तला तर खुराक थांबे. म्हातारपणी हलाखीत दिवस काढणाऱ्या पैलवानाची गोष्ट या भागातील प्रत्येक तालमीला परिचित आहे. आश्रय होता, पण हक्क नव्हता.

१९४८ ते १९५२ : आश्रयदाता बदलतो

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळील गोळेश्वर येथे झाला. वडील स्वतः मल्ल असल्याने घरातच आखाड्याचे संस्कार होते. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शालेय शिक्षण पूर्ण करून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. शरीरयष्टी लहान असल्यामुळे महाविद्यालयीन स्पर्धेत त्यांना उतरू देण्यास क्रीडाशिक्षक तयार नव्हते. तेव्हा प्राचार्यांनी परवानगी दिली, असा प्रसंग त्यांच्या चरित्रांतून आढळतो. हे प्राचार्य म्हणजे बॅ. बाळासाहेब खर्डेकर. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि वेंगुर्ल्याच्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव दिलेले आहे.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी खाशाबांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत घडलेला हा मल्ल तेथे प्रथमच मॅटवर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लढला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. जुन्या संस्थानी परंपरेचे हे जवळजवळ शेवटचे फळ म्हणावे लागेल. कारण त्याच वर्षी, ८ मार्च १९४८ रोजी, कुरुंदवाडच्या दोन्ही पात्यांसह दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूरचेही विलीनीकरण झाले. लोकशाहीच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यकच होते. परंतु संस्थानांच्या तिजोऱ्यांबरोबर खेळाडूचा परंपरागत आधारही संपला आणि त्याची जागा घेणारी सार्वजनिक व्यवस्था अद्याप उभी राहिलेली नव्हती.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकच्या वेळी ही पोकळी स्पष्ट दिसली. निवडीसाठीच खाशाबांना झगडावे लागले. निवड झाल्यानंतर प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला. शासनाकडे केलेली याचना निष्फळ ठरली. गोळेश्वर-कऱ्हाड परिसरातील लोकांनी वर्गणी जमविली, पण ती अपुरी होती. अशा वेळी खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

२३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. त्या गटात जपानच्या शोहाची इशी यांना सुवर्ण आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांना रौप्यपदक मिळाले. परतल्यावर कऱ्हाड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. यानंतरचा भाग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवून पैसा उभा केला आणि खर्डेकरांचे गहाण पडलेले घर सोडविले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर लाभला.

येथे दात्याने काय पणाला लावले, याकडे लक्ष दिले पाहिजे. खर्डेकरांनी स्वतःचे घर धोक्यात घातले होते. विद्यार्थी हरला असता तर नुकसान दात्याचे झाले असते. बदल्यात त्यांनी कसलाही करार मागितला नाही. घेणाऱ्याने मात्र ते ऋण मानले आणि फेडले.

हौशीपणाची संकल्पना व तिचे वर्गीय मूळ :

ज्या हेलसिंकीत खाशाबा लढले, तेथेच स्पर्धा सुरू होण्यापूर्वी काही दिवस आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने एव्हरी ब्रंडेज यांची अध्यक्षपदी निवड केली होती. खेळातून पैसा मिळविणारा खेळाडू ऑलिम्पिकला अपात्र, या तत्त्वाचे ते कट्टर पुरस्कर्ते होते. त्या तत्त्वाच्या काटेकोर अर्थाने पाहिले तर रोख इनामावर लढली जाणारी आपली मैदानी कुस्ती हा हौशी खेळच ठरत नाही. कोल्हापूरच्या लाल मातीत जे प्रतिष्ठेचे, ते ऑलिम्पिकच्या नियमपुस्तकात अपात्रतेचे कारण होते.

हे तत्त्व नीतीच्या भाषेत मांडले जात असले, तरी त्याचे मूळ वर्गीय होते. इंग्लंडमधील हेन्ली येथील नौकास्पर्धेच्या १८७९ च्या नियमांत कारागीर व मजूर यांना हौशी खेळाडू म्हणून मान्यता नव्हती. ज्याला पोटासाठी हात चालवावे लागत नाहीत तोच खरा खेळाडू, असा त्याचा मथितार्थ होता. या नियमाचा सर्वांत करुण बळी म्हणजे अमेरिकेतील आदिवासी समाजातील जिम थॉर्प. कार्लाइल येथील शाळेचा हा विद्यार्थी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत विजेता ठरला. १९०९-१० मध्ये उन्हाळी बेसबॉल सामन्यांत त्याने किरकोळ मोबदला घेतल्याचे उघड होताच १९१३ मध्ये त्याची पदके काढून घेण्यात आली. त्याच स्पर्धांत त्याच्याविरुद्ध उतरलेल्या खेळाडूंत ब्रंडेजही होते. ते १९७२ पर्यंत अध्यक्षपदी राहिले. त्यांच्या काळात थॉर्पला न्याय मिळाला नाही. १९८२ मध्ये त्याला सहविजेता म्हणून आणि २०२२ मध्ये एकमेव विजेता म्हणून पुन्हा मान्यता मिळाली. थॉर्प १९५३ मध्येच वारला होता.

अमेरिकन महाविद्यालये : नियम आणि वास्तव

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाजीवन सुरुवातीपासून पैशापासून अलिप्त नव्हते. १८५२ मध्ये हार्वर्ड व येल यांच्यात झालेली नौकाशर्यत ही तेथील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मानली जाते. तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने प्रवासी आकर्षित करण्यासाठी केला होता. पुढे १९०६ मध्ये महाविद्यालयांची राष्ट्रीय क्रीडासंघटना स्थापन झाली. १९५६ पासून तिने खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मान्यता दिली. शिकवणी, निवास, भोजन व पुस्तके यांपलीकडे खेळाडूला काहीही मिळता कामा नये, असा दंडक मात्र कायम राहिला.

दूरचित्रवाणीच्या आगमनानंतर या दंडकाचा अंतर्विरोध वाढत गेला. फुटबॉल व बास्केटबॉलच्या सामन्यांतून विद्यापीठांना कोट्यवधी डॉलर मिळू लागले. प्रशिक्षकांची वेतने कित्येक ठिकाणी कुलगुरूंच्या वेतनाहून अधिक झाली. सामने ज्यांच्यामुळे भरत, त्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण गरीब, विशेषतः कृष्णवर्णीय कुटुंबांतून आलेले असत. त्यांना घरी पाठवायला चार पैसे नसत. एकीकडे प्रसिद्धी, दुसरीकडे रिकामा खिसा आणि तिसरीकडे दोन-तीन वर्षांत व्यावसायिक संघाकडून मिळू शकणारी प्रचंड रक्कम, या तिन्हींच्या सांध्यावर दलाल आणि आर्थिक सल्लागार उभे राहिले.

आर्थिक सल्लागाराची भेट : एक कार्यपद्धती

आर्थिक सल्लागाराचे गणित सरळ असते. व्यावसायिक खेळाडूची कमाई थोड्या वर्षांत एकवटलेली असते. ती गुंतविण्याचे काम ज्याच्या हाती येईल, त्याला वर्षानुवर्षे शुल्क मिळते. म्हणून खेळाडू विद्यार्थी असतानाच त्याला उपकृत करून ठेवणे सल्लागाराला फायद्याचे ठरते. आज हजार-दोन हजार डॉलर द्यायचे आणि उद्या लाखोंच्या रकमेवर ताबा मिळवायचा. बोलाचाली थेट होत नाही. मित्र, नातेवाईक, माजी खेळाडू किंवा साहाय्यक प्रशिक्षक मध्यस्थी करतात. पावती नसते, करार असलाच तर तो मागे-पुढे तारखा घालून लपविलेला असतो.

१९८० च्या दशकात न्यूयॉर्कमधील दोन दलालांनी डझनावारी महाविद्यालयीन फुटबॉलपटूंना गुप्तपणे पैसे देऊन त्यांच्याकडून पुढील तारखांचे करार लिहून घेतल्याचे उघड झाले. १९८९ मध्ये त्यांना शिक्षा झाली. वरिष्ठ न्यायालयाने ती पुढे रद्द केली. या प्रकरणाने एक गोष्ट स्पष्ट केली. महाविद्यालयीन संघटनेचे नियम विद्यार्थ्याला व महाविद्यालयाला बांधून ठेवत होते. बाहेरच्या दलालावर तिचा अधिकारच नव्हता. त्यामुळे २००० मध्ये राज्यांसाठी दलालविषयक नमुना कायदा तयार झाला आणि २००४ मध्ये संघराज्याच्या पातळीवर स्वतंत्र कायदा संमत झाला. त्यानंतरही गैरप्रकार थांबले नाहीत. २०१० मध्ये उत्तर कॅरोलिना विद्यापीठातील फुटबॉलपटूंना मिळालेल्या लाभांची चौकशी गाजली. त्याच वर्षी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे माजी खेळाडू रेगी बुश यांना होऊ घातलेल्या दलालांकडून लाभ घेतल्याच्या ठपक्यामुळे हाइझमन करंडकावर पाणी सोडावे लागले. तो त्यांना २०२४ मध्ये परत मिळाला.

सल्लागारांच्या कार्यपद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण पिट्सबर्ग येथील एका आर्थिक सल्लागाराचे आहे. व्यावसायिक खेळाडूंचा पैसा सांभाळणाऱ्या या गृहस्थाने महाविद्यालयीन खेळाडूंना अनेक वर्षे रकमा दिल्या होत्या. २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाने त्याच्यावर कारवाई केली. पाच ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे साडेतेवीस लाख डॉलर त्यांच्या संमतीविना चित्रपटादी व्यवसायांत वळविल्याचा आरोप त्याच्यावर होता. २०१७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. तपासयंत्रणेला त्याने दिलेल्या साहाय्यातून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील लाचखोरीचे मोठे प्रकरण बाहेर आले आणि चार साहाय्यक प्रशिक्षकांसह दहा जणांना अटक झाली. प्रशिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना ठरावीक सल्लागारांकडे वळवावे, यासाठी त्यांना पैसे दिले जात होते. म्हणजे ज्याच्यावर विद्यार्थ्याने गुरू म्हणून विश्वास टाकला, त्याचाच विश्वास विकला जात होता.

नियमांची फेररचना :

ऑलिम्पिक चळवळीने १९७० व १९८० च्या दशकांत हौशीपणाची अट टप्प्याटप्प्याने सोडून दिली. अमेरिकन महाविद्यालयांत हा बदल न्यायालयांतून आला. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणविषयक लाभांवर संघटनेने घातलेली मर्यादा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी असल्याचा एकमुखी निर्णय दिला. १ जुलै २०२१ पासून विद्यार्थ्यांना आपले नाव व छबी वापरू देण्याचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार २०२५-२६ या वर्षात प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देता येऊ लागली.

पैसा उजेडात आल्याने लपविण्याचे एक कारण कमी झाले. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाती करार आला आणि तो समजावून सांगणारा निःस्वार्थी माणूस जवळ नसेल, तर मूळ धोका तसाच राहतो. पूर्वी त्याला विचारावे लागे, 'ही भेट घेऊ का?' आता विचारावे लागते, 'या कागदावर सही करू का?'

तुलनात्मक विवेचन :

उपरोक्त घटनांवरून भेटीची योग्यायोग्यता ठरविणाऱ्या तीन कसोट्या पुढे येतात. पहिली, भेट उघड आहे की लपविलेली? खासबागेतील इनाम आणि गोळेश्वरची वर्गणी चारचौघांत होती; सल्लागाराचे पाकीट बंद दाराआड होते. दुसरी, जोखीम कोणाची? खर्डेकरांच्या बाबतीत ती दात्याची होती. सल्लागाराच्या बाबतीत प्रकरण उघड झाले की शिष्यवृत्ती जात असे विद्यार्थ्याची आणि जिंकलेले सामने रद्द होत महाविद्यालयाचे. तिसरी, बदल्यात काय मागितले आहे? महाराजांना नाव हवे होते, प्राचार्यांना विद्यार्थ्याचे यश. सल्लागाराला त्याच्या न मिळविलेल्या कमाईवरचा दावा हवा होता.

थॉर्पला शिक्षा करणाऱ्या नियमाने यांपैकी एकही कसोटी लावली नाही. पैसा मिळाला की नाही एवढेच पाहिले. म्हणूनच तो नियम गरजू विद्यार्थ्यावर कठोर आणि धूर्त दात्यावर हतबल ठरला.

निष्कर्ष :

१. दक्षिण महाराष्ट्रात खेळाडूला पैसा देणे हे कधीही लांच्छन मानले गेले नाही. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर निर्माण झालेली पोकळी काही काळ शिक्षक व सामान्य जनता यांनी वैयक्तिक त्यागातून भरून काढली. पुढे सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देऊन आणि शासनाने नोकऱ्या व शिष्यवृत्त्या देऊन हे काम अंशतः हाती घेतले.

२. अमेरिकन अनुभव असा की, वाजवी मोबदल्याचा उघड मार्ग बंद केल्यास अवाजवी मोबदल्याचा गुप्त मार्ग तयार होतो. केवळ बंदीने खेळाडूचे रक्षण होत नाही.

३. आपल्याकडे हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला लाभलेले हे वैयक्तिक पदक होते. राज्य शासनाने त्यांना एक कोटी रुपये जाहीर केले. व्यावसायिक लीग, जाहिराती व शिष्यवृत्त्या यांमुळे तरुण खेळाडूच्या हाती येणारी रक्कम वाढत आहे आणि तिच्यावर नजर ठेवणारेही वाढणार आहेत.

४. कुरुंदवाडसारख्या गावातील महाविद्यालयात येणारा खेळाडू बहुधा शेतकरी वा कष्टकरी घरातला असतो. करार, कर, गुंतवणूक यांविषयी घरात विचारावे असे कोणी नसते. अशा वेळी जिमखाना विभागाने मिळालेल्या प्रत्येक मदतीची उघड नोंद ठेवणे, वाणिज्य व विधी विषयांच्या प्राध्यापकांनी कोणताही करार सहीपूर्वी वाचून समजावून देणे आणि प्रशिक्षकाने विद्यार्थ्याच्या आर्थिक व्यवहारात मध्यस्थी न करणे, एवढे तरी प्रत्येक महाविद्यालयाला खर्चाविना करता येण्यासारखे आहे.

१९५२ साली विद्यार्थ्याजवळ पैसा नव्हता, पण विश्वासाचा शिक्षक होता. पुढच्या पिढीजवळ पैसा असेल. तो शिक्षक तिला मिळेल की नाही, हे महाविद्यालयांनी ठरवायचे आहे.